फिसलपट्टीचा धनी

रमाकांत,

पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहिल्याशिवाय माझे पेन पुढे सरकत नाही, हे तुला ठाऊक आहे. आज दोन्ही जागा सोडून दिल्या आहेत. विषय तूच आहेस, आणि संदर्भ द्यावा असा एकही कागद तुझ्यामाझ्यात कधी झाला नाही. इतकी वर्षे आपण नुसते बोललो. माझ्यासारख्या माणसाने हे कसे होऊ दिले, याचे मला आता आश्चर्य वाटते.

तू शनिवारी गेलास. सोमवारी तुला उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनमधल्या नोटरीसमोर उभे राहून शपथपत्रावर सही करायची होती. मसुदा तयार होता, मुद्रांक आणलेला होता, तुझ्या आधार कार्डाची प्रत माझ्या पिशवीत होती. बदलापूरच्या स्मशानात लोक तुझ्या विनोदी स्वभावाबद्दल बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होते: मुख्य साक्षीदार गेला. हे कोणाला निष्ठुर वाटेल. तुला वाटणार नाही, म्हणून तुलाच सांगतो.

हा लेख ज्यांच्या हाती पडेल त्यांना आपण दोघेही अपरिचित आहोत. तेव्हा तुला माहीत असलेलेच काही तुला पुन्हा ऐकवणे भाग आहे. नेहमीप्रमाणे मध्ये बोलू नकोस.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तू देखभाल विभागाचा इंजिनियर होतास आणि मी कार्मिक विभागात. तुझ्याकडे यंत्रे, माझ्याकडे यंत्रांनी जखमी केलेली माणसे. नुकसानभरपाईचे अर्ज, अपघातांच्या चौकशा, व्यवस्थापनाला द्यायच्या नोटिसा. कायद्याची पदवी मी संध्याकाळच्या कॉलेजात घेतली होती, पण काळा कोट कधी अंगात घातला नाही. त्यावरून तू मला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागलास आणि ते नाव कॅन्टीनपासून गेटपर्यंत पोहोचले. चिडवण्यासाठी ठेवलेले नाव पुढे लोक आदराने घेऊ लागले, याचे तुला थोडे वाईटच वाटले असावे.

कारखाना बंद पडला तेव्हा आपला पहिला मोठा वाद झाला. टाळे बेकायदा आहे, असे माझे म्हणणे. शासनाची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती, आणि मी पत्रांमागून पत्रे लिहीत सुटलो होतो. तुझे म्हणणे असे, की परवानगी घेतली असती तरी टाळे लागलेच असते. नव्या यंत्रांचा प्रस्ताव घेऊन तू वरच्या मजल्यावर पुन्हा पुन्हा गेलास आणि दर वेळी ‘जुनी अजून चालतात ना’ एवढ्या उत्तरावर परत आलास. तेवढ्या काळात दुसऱ्यांनी तोच माल कमी विजेत आणि निम्म्या वेळात काढायला सुरुवात केली. तुझ्या हिशेबी आपला कारखाना तेव्हाच बंद पडला होता, कुलूप तेवढे उशिरा आले. मला हे मालकांना मोकळे सोडणारे तत्त्वज्ञान वाटले आणि मी तसे तुला स्पष्ट सांगितले. काही महिन्यांनी गेटसमोरची चहाची टपरी उठली, पाठोपाठ खानावळ, मग पंक्चरवाला. तू त्या ओसाड फुटपाथकडे बोट दाखवून म्हणालास, की देशाच्या विकासदराचे आकडे वर्तमानपत्रात नंतर छापून येतात, टपरीवाल्याला ते आधी कळतात.

त्यानंतर तू कॅम्प तीनमध्ये गाळा घेतलास. जीन्सच्या कारखान्यांची शिलाई यंत्रे, इंटरलॉक, प्रेस दुरुस्त करू लागलास. बदलापूरहून तुझी ती खोकणारी स्कूटर, अंबरनाथहून माझी शेअर रिक्षा, आणि तुझ्या गाळ्यातले ते तेलकट बाकडे. आपली बाकीची वर्षे तिथे गेली. मी महापालिकेला, पाणीखात्याला, वीज कंपनीला लिहिलेली पत्रे तुला वाचून दाखवत असे. बारवी धरण भरलेले असताना आमच्या सोसायटीत पाणी का नाही, या विषयावरचे माझे पत्र ऐकून तू विचारलेस, की धरणालाही एक प्रत पाठवली आहेस का.

बटण प्रेसची गोष्ट तिथलीच. जीन्सच्या पँटीला धातूचे बटण शिवत नाहीत, ठोकतात. खालच्या साच्यात खिळा, वरच्या साच्यात टोपी, मध्ये कापड, आणि पायाने पायडल दाबायचे. टोपी वर बसवताना बोटे दोन साच्यांच्या मध्ये जातात. पाय जरा आधी पडला की बोट गेले. गल्लीतल्या बायका सकाळी कामाला बसण्याआधी अंगठा आणि पहिले बोट चिकटपट्टीने गुंडाळून घेत. तू मला एकदा मुद्दाम दाखवलेस: मालक सुया, दोरा आणि बटणांबरोबर चिकटपट्टीचे रोलही आणतो. बोटे चिरडणे हा उत्पादनाचा नेहमीचा खर्च धरलेला होता. मी त्या रात्री कारखाने निरीक्षकांना पत्र लिहिले. तू पत्र्याचा एक तुकडा वाकवायला घेतलास.

तुझ्या पत्र्याला माझ्या पत्राआधी उत्तर मिळाले, हे मी मान्य करतो. एक ताटली, तिच्यातून उतरणारी खाचेची घसरण, आणि टोपी सरळ तोंडाने साच्यापाशी येऊन थांबावी म्हणून लहानशी फट. वीज नको, मोटार नको. पायडलच्या धक्क्यानेच ताटली हलायची आणि पुढची टोपी खाली यायची. बाईने दोन्ही हातांनी बाजूने कापड धरायचे, बोटे मध्ये न्यायचे कारणच उरले नाही. पहिल्याच दिवशी काम जवळजवळ दुपटीने सरकले. बायकांनी त्या घसरगुंडीचे नाव ‘फिसलपट्टी’ ठेवले.

ती तयार झाली तेव्हाच, एका गुरुवारी, मी तुला बजावून सांगितले. पेटंटच्या अर्जाचा मसुदा मी करतो, तोपर्यंत ही वस्तू कोणाला दाखवू नकोस. एकदा लोकांसमोर मांडलीस की ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहणार नाही. तू मान डोलावलीस. आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, वीज बंद असल्यामुळे सगळे कारखानदार गल्लीत हात बांधून उभे होते, तेव्हा तू प्रेस गाळ्याबाहेर रस्त्यावर काढलीस आणि त्यांना चालवून दाखवलीस. वर बटाटावडे मागवलेस. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा वड्यांचे कागद उरले होते आणि गल्लीतला एक कारखानदार, गोपाल शेठ, शिंप्याच्या टेपने घसरणीची लांबी मोजत होता. आजूबाजूचे लोक प्रेसला खाकी कागद लावून वर खडू फिरवत होते. पँटीचा फर्मा, म्हणजे कापणीचा कागदी नमुना, काढावा तसा ते यंत्राचा फर्मा काढत होते.

मी तुला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तू एवढेच म्हणालास, की एका गाळ्यात असलेले यंत्र ही गंमत आहे, गल्लीभर गेले की तो धंदा होतो. आणि धंदा वाढला की दुरुस्ती वाढते, दुरुस्ती तुझ्याकडेच येणार आहे. हा युक्तिवाद नव्हता, ती तुझी खोडी होती. पण गल्ली खरोखरच वाढली. दुसऱ्या पाळीचे दिवे लागले. टेम्पो उभे राहायला जागा पुरेना. डबे पोहोचवणारी बाई दोन मुलींना हाताखाली घेऊन येऊ लागली. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने मात्र चिकटपट्टीचा खप पडल्याची तक्रार केली, आणि ती तू मला एखाद्या पदकासारखी ऐकवलीस.

याची दुसरी बाजू दिसायची मी वाट पाहत होतो, आणि मला फार थांबावे लागले नाही. काही महिन्यांतच मालकांनी बटणाचा डझनाचा दर खाली आणला. पूर्वी दिवसभरात जेवढे मिळायचे तेवढेच मिळवायला बाईला आता दुप्पट पँटी ठोकाव्या लागत होत्या. मी तुझ्या बाकड्यावर येऊन बसलो आणि म्हणालो, ही बघ तुझी प्रगती. वाढले कोणाचे? तू हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास.

“यंत्र वाढवतं,” तू म्हणालास. “वाटायचं काम तुझ्या कायद्याचं आहे. तुझं खातं झोपलं तर माझ्या पत्र्याला कशाला ओरडतोस?”

त्याच रात्री मी किमान वेतनाविषयी कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला पत्र लिहिले. पोच आली, पुढे काही आले नाही. नवे तंत्र आले की देशाचे उत्पन्न वाढते, हे विद्वान सांगतात आणि ते खरे असावे. मी ते या गल्लीत डोळ्यांनी पाहिले. पण त्या वाढीतला कोणता भाग बटण ठोकणाऱ्या बाईच्या हातात राहील, हे यंत्राच्या कोणत्याही स्क्रूवर लिहिलेले नसते. ते कोणीतरी लिहावे लागते आणि लिहिलेले पाळायला लावावे लागते. हे मी आयुष्यभर करत आलो आणि त्याचा उपयोग किती झाला हे विचारू नकोस. मी थकलो आहे. राग अजून येतो, पण पूर्वी राग आला की मी उठून उभा राहायचो, आता आधी खुर्ची शोधतो.

मंदाचे उदाहरण तू मला नेहमी देत असायचास. ती गोपाल शेठकडे बटण प्रेसवर होती. दर कमी झाल्यावर ती त्याच्याशी भांडली, काम सोडले आणि पालेगावात नव्या इमारतीच्या तळमजल्यावर स्वतःची जुनी प्रेस घालून बसली. तू तिला फिसलपट्टी बसवून दिलीस. आता तिच्याकडे चार बायका आहेत, आणि ती त्यांना डझनाला गोपाल शेठपेक्षा जास्त देते. तुझ्या मते हा पत्र्याचा विजय होता. माझ्या मते एक मंदा निघाली म्हणून बाकीच्यांचा दर भरून येत नाही. हा वाद आपण अर्धवट ठेवला. तो मला तसाच ठेवायचा होता, असे आता वाटते; वाद बाकी असला की भेटायला कारण असते.

आणि मग मंदा नोटीस घेऊन माझ्या दारात आली.

बाहेरच्या एका यंत्रविक्रेत्या कंपनीने बटण प्रेसवरच्या ‘स्वयंचलित पुरवठा रचने’चे पेटंट घेतले होते. तिचा विक्रेता काही वर्षांपूर्वी गल्लीत हिंडून गेला होता. आपल्या लोकांनी त्याला चहा पाजला, यंत्रे चालवून दाखवली आणि फोटो काढू दिले. तोवर प्रत्येकाने आपापल्या प्रेसवर आपली पाटी ठोकलेली होती. एकाकडे ‘गोपाल स्पेशल’, दुसऱ्याकडे ‘हरेश ऑटोमॅटिक’. गिऱ्हाईक आले की सगळे एकच सांगत, हे आमचे स्वतःचे डोके. तुझे नाव कोणी घेत नव्हते आणि तुला त्याची मजा वाटत होती. आता नोटीस म्हणत होती, की ही रचना वापरणे थांबवा, नाहीतर कंपनीचे यंत्र भाड्याने घ्या.

मंदा खुर्चीवर बसली नाही. तिने एकच विचारले.

“काका, पट्टी काढली तर बोटा परत आत जातीन. माझ्याकडच्या बायकांनी काय करायचा?”

कायद्यात याला उत्तर आहे, रमाकांत. पेटंट मिळाल्याची प्रसिद्धी झाल्यापासून एका वर्षाच्या आत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला विरोध दाखल करता येतो, आणि ती वस्तू आधीपासून देशात सार्वजनिक वापरात होती, हा त्यातला एक भक्कम आधार आहे. मुदत अजून हातात होती. मी तुझ्याकडे बदलापूरला आलो, वहिनींनी चहा ठेवला, आणि मी पेटंटचे कागद तुझ्यापुढे पसरले. तू तेव्हा फार थकलेला दिसत होतास. चष्मा लावून आकृत्या बघत राहिलास, आणि मग इतका हसू लागलास की वहिनी आतून धावत आल्या.

“अरे वकीलसाहेब,” तू म्हणालास, “ही तर हरेशची चूक आहे.”

तुझी घसरण उजवीकडून उतरते. आकृतीतली डावीकडून उतरत होती. गल्लीतल्याच हरेशने त्या शुक्रवारी काढलेला कागदाचा फर्मा पत्र्यावर ठेवताना उलटा ठेवला होता, पँटीचा उजवा पाय डावा व्हावा तसा. पत्रा कापून झाल्यावर त्याच्या लक्षात आले. पायडलची दांडी उजवीकडे असल्यामुळे डावी घसरण हलेना, तेव्हा त्याने एक जादा वाकडी सळई घालून वेळ मारून नेली. पुढे तोच माल त्याने ‘लेफ्ट स्पेशल’ म्हणून मिरवला. कंपनीच्या आकृतीत ती वाकडी सळई जशीच्या तशी होती, आणि तिच्याखाली ‘नावीन्यपूर्ण रचना’ असे वर्णन होते. जिची कोणाला गरज नव्हती त्या सळईचे पेटंट त्यांनी घेतले होते, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी मी तुला मसुदा वाचून दाखवला. ‘संशोधक’ हा शब्द खोड, म्हणालास. ‘दुरुस्ती करणारा’ लिही. मी नकार दिला. शपथेवर खोटे लिहिता येत नाही, असे मी म्हणालो. तू म्हणालास, एवढा पत्रा वाकवला त्याला संशोधक म्हटले तर खऱ्यांना काय म्हणशील. मी म्हणालो, त्यांनाही हेच म्हणतात. पंचा झटकावा तसा तू हात झटकलास आणि म्हणालास, सोमवारी बघू.

तुझ्यानंतर मी त्याच आठवड्यात कॅम्प तीनला गेलो. घरी बसून काय करणार होतो? पेटंटच्या कामातल्या एका तरुण वकिलाला विचारले होते. त्याचे मत असे, की वस्तू वापरात होती एवढे दोघा-तिघांनी सांगितले तरी पुरे. ती कोणी बनवली हे सांगायची कायद्याला गरज नाही. मला ते पटले नाही. का पटले नाही, त्याचे कारण मला नंतर सुचले: जो तो आपण बनवली म्हणेल, तर कंपनी त्यांना सहज खोटे पाडेल, पण सगळ्यांनी एका माणसाकडून, एका शुक्रवारी, भर रस्त्यात पाहिली, असे सांगितले तर त्याहून मोठा सार्वजनिक वापर कोणता? ज्या उघडेपणावरून मी तुला इतके बोललो, आज आमच्या बाजूला तेवढेच आहे. तरीही सांगतो, त्या वेळी अर्ज केला असतास तर ही नोटीस निघालीच नसती. माझा मुद्दा मी सोडलेला नाही.

गोपाल शेठने माझ्यासाठी चहा मागवला आणि तुझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोलला. मग मुद्द्यावर आला. “भाऊ, नाम का झगडा अब किसके साथ? वो तो गया. काम होना मांगता.” तू असतास तर तूही हेच म्हणाला असतास, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. मी त्याला म्हणालो, की काम व्हायचे असेल तर खरे सांगावे लागेल, आणि खरे त्याच्या यंत्रावरच्या पाटीच्या विरुद्ध आहे. त्याने पाटीकडे पाहिले. पाटीवर त्याने लिंबू-मिरचीही टांगली होती.

हरेश त्याहून अवघड निघाला. तो गल्लीतला नावाजलेला फर्मा मास्टर. लोक त्याच्याकडून फर्मे कापून नेतात. उलटा फर्मा ठेवणे ही त्या धंद्यात शिकाऊ माणसाची चूक. त्याने आधी मला दुकानातून जवळजवळ हाकललेच. नंतर शटर अर्धे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, “साईं, मैंने फर्मा उल्टा रखा, ये शपथ पे बोलूं? फिर मेरे पास कपडा काटने कौन आयेगा?” माझ्याकडे त्याला घाबरवायला कलमे होती. ती मी काढली नाहीत. मी त्याला मंदाच्या बायकांविषयी सांगितले. त्याच्याकडेही प्रेसवर बायका आहेत. त्याची स्वतःची बायको पूर्वी प्रेसवर बसायची आणि तिच्या अंगठ्याचे टोक सपाट आहे, हे मला तेव्हा कळले. तो बराच वेळ कात्रीच्या पात्यांची उघडझाप करत बसला. मी उठलो तरी कात्री चालूच होती.

सोमवारी, तुझ्या सोमवारनंतरच्या सोमवारी, मी आणि मंदा नोटरीकडे गेलो. विरोधाचा अर्ज तिच्या नावाने आहे. तुझ्या जागी माझे शपथपत्र, आणि ते दुबळे आहे हे मला ठाऊक आहे. मी संध्याकाळी पोहोचलो होतो, मी पाहिले ते वड्यांचे कागद आणि शिंप्याचा टेप. नोटरीने माझे वाचून सही घेतली. तेवढ्यात हरेश आला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. नोटरीच्या टेबलावर हात ठेवून म्हणाला, “लिखो. रमाकांतभाऊ ने बनाया. मैंने देखा, कागज पे उतारा, और उल्टा काटा.” नोटरीने ‘उल्टा’ म्हणजे काय ते विचारले. हरेशने टेबलावरचा एक कागद उचलला, पालथा घातला आणि त्याच्यावर तळहात ठेवला. म्हणाला, “ऐसे. मेरी गलती.” बाहेर उभे असलेले लोक ऐकत होते. कोणी हसले नाही.

मग गोपाल शेठ आत आला, आणि इथून पुढे जे झाले ते तुला सांगायला मी हा लेख लिहायला घेतला.

कंपनीच्या अर्जाआधी जितके मागे जाता येईल तितकी साक्ष बळकट होते, हे नोटरीच्या कारकुनाने कोणाला तरी सांगितले. ते गल्लीत पसरले. वर्षानुवर्षे ज्यांनी ही वस्तू आपणच बनवली असे छातीठोक सांगितले, ते आता रांगेत उभे राहून, आपण ती तुझ्याकडून सगळ्यांत आधी चोरली असे सांगू लागले. गोपाल शेठने सांगितले, की प्रेस रस्त्यावर काढायला तुला पहिला हात त्याने लावला. हरेश म्हणाला, झूट, प्रेस आत असतानाच मी वाकून पाहिली होती. मागून कोणी ओरडला, की वडे त्याच्या दुकानातून आले होते, म्हणजे तो दोघांच्याही आधीचा. मंदाने मध्ये पडून सांगितले, की ती तेव्हा गोपाल शेठकडे कामाला होती आणि तुझ्या गाळ्यात प्रेसवर पहिले बटण तिनेच ठोकले होते, बाकीच्यांनी गप्प बसावे. ते गप्प बसले, पण एक क्षणच. नोटरीने शेवटी सगळ्यांना बाहेर काढले आणि एकेकाला आत बोलावले. मी दिवसभर त्यांची म्हणणी लिहून घेत बसलो. दुपारी जेवलोही नाही. प्रत्येक शपथपत्रात तुझे पूर्ण नाव आले आहे, आणि त्याच्यापुढे हरेशच्या ‘बनाया’वरून आलेला शब्द सगळ्यांनी घातला: ‘बनवणारे’. तुझा ‘दुरुस्ती करणारा’ कोणाला सुचला नाही, माझा ‘संशोधक’ कोणाला जड वाटला. मी तो शब्द तसाच राहू दिला.

वहिनींना मी हे सांगायला गेलो. जिंकलो तर आपल्याला काय मिळेल, असे त्यांनी सरळ विचारले. मी म्हणालो, काहीही नाही. फिसलपट्टी कोणा एकाची राहणार नाही, एवढेच. त्या म्हणाल्या, की ते हयात असताना तरी ती कुठे कोणा एकाची होती. मग त्यांनी मला जेवायला वाढले आणि तुझ्या जागी बसू नका, पाठ दुखते त्या खुर्चीत, असे सांगितले.

आपल्या त्या जुन्या वादाचे उत्तर माझ्याकडे अजून अर्धेच आहे. वाटायचे काम कायद्याचे, असे तू म्हणाला होतास, आणि कायद्याने ते केलेले नाही. गोपाल शेठचा डझनाचा दर अजून तेवढाच आहे आणि त्यावरचे माझे पुढचे पत्र तयार आहे. पण कायद्याला एक लहान काम जमू शकते. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूला कोणी कुलूप लावू लागला, तर तो हात धरता येतो. त्या दिवशी नोटरीकडे मी तेवढेच करत होतो. पेटंट कार्यालयाचा निर्णय कधी येईल हे मी सांगू शकत नाही. माझ्या हयातीत तो येईल अशी खात्री नाही. तोवर पालेगावात प्रेस चालू आहे, पट्टीसह.

एक गोष्ट मात्र अडून राहिली आहे. गोपाल शेठ आणि हरेश, दोघांनीही आपापल्या शपथपत्रात ‘सर्वप्रथम मी पाहिले’ असे लिहवून घेतले आहे. दोन विधाने परस्परविरोधी आहेत आणि कंपनीचा वकील नेमका त्यावर बोट ठेवेल. दोघांतला एक चुकतो आहे, पण माघार कोणीच घेत नाही. दोघांनीही ती वस्तू तुझ्याकडून सगळ्यांत आधी घेतली, असे त्यांना मनापासून वाटते आहे. मी त्या दुपारी तिथे नव्हतो, कारण तू मला मुद्दाम कळवले नाहीस. ज्याने प्रेस बाहेर काढली आणि कोण कोण जमले ते पाहिले असा माणूस एकच होता.

रमाकांत, आधी कोण आला होता?